हा लिथुआनियन, वर ठेवा

आमच्या कोशात 'डुक्कर' या शब्दाला एकशे नव्वद वाक्यं जमली होती. 'कांदा' या शब्दाला सदतीस. 'लिथुआनियन' या शब्दाला चार.

मोजणी मीच केली होती, तीनदा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. विल्नियसच्या कोशकचेरीत लागून तीन वर्षं झाली होती आणि माझ्याइतका नियम पाळणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. हे मी अभिमानानं सांगत नाही. पूर्वी सांगायचो.

"गिरचीससाहेब," मी आमच्या मुख्य संपादकांना म्हणालो, "भाषेचा एवढा मोठा कोश, आणि त्यात लिथुआनियन माणसाला चार वाक्यं? डुकराला एकशे नव्वद?"

"डुक्कर रोज लागतं रे," येरोनिमास गिरचीस म्हणाले आणि पुन्हा चिठ्ठीवर वाकले. चाळीस वर्षं चिठ्ठ्यांवर वाकून त्यांची मान पुढे आली होती. रस्त्यानं चालताना ते काहीतरी हरवलेलं शोधताहेत असं वाटे.

आमचा कोश लोकांच्या तोंडून लिहिला जायचा. गावोगावचे शिक्षक, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे, मधमाश्या पाळणारे आम्हाला चिठ्ठ्या पाठवत. वर शब्द, खाली तो शब्द असलेलं कुणीतरी खरंच बोललेलं वाक्य, वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याच्या गावाची दोन-तीन अक्षरं, मागच्या बाजूला त्याचं नाव आणि वय. वाक्य रचायचं नाही, ऐकायचं. शंका आली तर आम्ही त्या गावाला छापील तपासणी-कार्ड पाठवायचो: 'आपल्या गावात खालीलप्रमाणे बोलले जाते काय?' होकार आला की चिठ्ठीवर लाल खूण. लाल खूण मिळालेलं वाक्य खुद्द गिरचीसांनाही गाळता येत नसे.

तर चार वाक्यं. एक अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीतलं: 'खाणीत खाली लिथुआनियन, वर आयरिश.' एक झारच्या फौजेतलं: 'आम्ही चौघे लिथुआनियन एका पातेल्यात जेवायचो.' एक तुरुंगातलं: 'कोठडीत लिथुआनियन मी एकटाच, ढेकूण कुठले होते कोण जाणे.' आणि चौथं पश्चिमेकडच्या झेमाइटांच्या मुलखातलं, जिथले लोक स्वतःला आमच्यात धरत नाहीत: 'लिथुआनियन तिकडे नदीपलीकडे, आम्ही माणसं.'

पहिल्या तिन्हींना गावच नव्हतं आणि चौथं छापता येण्यासारखं नव्हतं.

"गावातून एकही वाक्य कसं नाही?" मी विचारलं.

चिठ्ठ्यांचे कप्पे सांभाळणाऱ्या एमिलियाबाई चहा गाळत होत्या. त्यांनी उत्तर दिलं. "तुला गावात कोण लिथुआनियन म्हणायचं रे, झिग्मास?"

"कुणी नाही. गिरणीवाल्याचा लंबू म्हणायचे."

"मग?" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला. त्यांच्या चहाला खोलीतल्या प्रत्येकाचा हक्क नव्हता. मला तो तेव्हा होता.

वेरोनिका रिम्शिएने आमच्याकडे आली ती जूनमध्ये, सकाळी, डोक्याला करडा रुमाल बांधून, हातात गोळ्यांचा पत्र्याचा जुना डबा घेऊन. पन्नाशीची असेल. दिसायला सत्तरीची. तिनं दारातच बूट काढले. आमच्याकडे कुणी काढत नसे, त्यामुळे सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"मोतेयुस रिम्शाची बायको मी. गिलूपेचे शिक्षक होते. तुम्हाला चिठ्ठ्या पाठवायचे, युद्धाच्या आधी."

गिरचीस उभे राहिले. मी त्यांना कुणासाठी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. वरिष्ठ आले की ते फक्त मान वर करण्याचा प्रयत्न करत. "दोन हजार तीनशे चिठ्ठ्या," ते म्हणाले. "अक्षर मोत्यासारखं. एक्केचाळीसच्या जूनपासून थांबल्या."

"एक्केचाळीसच्या जूनमध्ये आम्हाला उचललं, सैबेरियाला," ती म्हणाली.

पुढचं विचारायचं कारण नव्हतं. आमच्या प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी त्या महिन्यात उचललेलं होतं, किंवा उचलणाऱ्यांत होतं, किंवा काही घरांत दोन्ही.

तिनं डबा उघडला. आत चिठ्ठ्या होत्या. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर, भूर्जाच्या सालीवर, माशांच्या पिंपांवर लावायच्या लेबलांच्या पाठीवर. शब्द, वाक्य, गाव. नियमाला धरून. मला भरून आलं, ते नियमाला धरून होतं म्हणून.

"तिकडेही ते लिहायचे?" मी विचारलं.

"बोटं होती तोवर. मग मी लिहायचे, ते सांगायचे." तिनं सगळ्यात तळाची चिठ्ठी काढली. "बाकीच्या ठेवा नाहीतर जाळा. ही तेवढी घ्या."

चिठ्ठीवर शब्द होता: लिथुआनियन. खाली वाक्य: 'हा लिथुआनियन, वर ठेवा, वसंतात नेऊ.'

मी खुर्चीतून जवळजवळ उडालो. "गावचं! गिलूपेचं! गिरचीससाहेब, पाचवं!"

"प्रसंग काय, बाई?" गिरचीसांनी हळू विचारलं.

ती उभीच होती. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकली आणि डबा मांडीवर घेऊन बोलू लागली. बाजारात बटाटे काय भावानं मिळाले हे सांगावं, त्याच आवाजात.

"उत्तरेच्या समुद्रावर होतो आम्ही. मासे खारवायला. हिवाळ्यात जमीन खणता येत नाही, लोखंड असतं ते. मेलेले बराकीमागे रचून ठेवायचे. ओंडके रचतात तसे. फिनलंडकडचे होते, तिथलेच याकूत होते, आपले होते. फेब्रुवारीत हे गेले. दोघी बाया ढिगावर रचायचं काम करायच्या, एक फिनिश, एक आपल्या पानेवेझीसची. त्या यांना खालच्या कडेला घालायला लागल्या. खालच्यांना कोल्हे ओढतात. मी म्हटलं, हा लिथुआनियन, वर ठेवा, वसंतात नेऊ."

"आणि वसंतात?" हा प्रश्न मी विचारला. मला प्रसंगाची नोंद पूर्ण करायची होती.

"वसंतात बर्फ फुटला आणि समुद्र किनाऱ्यासकट घेऊन गेला."

एमिलियाबाईंनी कप्पा बंद केला.

"वीस वर्षं त्यांना या शब्दाचं वाक्य मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "आमच्या गावात सगळ्यांच्या मागे लागायचे, हसायचे लोक. ढिगाजवळ मला सुचलं की आता हे असते तर म्हणाले असते, थांब वेरोनिका, हे लिहून घेऊ." ती थोडं थांबली. "त्यांना कुठं पुरलेलं नाही, साहेब. शाळेच्या भिंतीवर मास्तरांच्या नावांची पाटी होती, तिथून नाव खरवडलंय. हस्ताक्षराचं पुस्तक लिहिलं होतं, ते गेलं लगद्यात. त्या वाक्यातला 'हा' म्हणजे ते. त्यांना एवढ्यात कुठंतरी ठेवा. दुसरं काही नको."

"ठेवू," गिरचीस म्हणाले.

"मागे बोलणाऱ्याचं नाव राहिलंय," मी म्हणालो.

"बहिणीचं घातलं तर? आगोटाचं. मी तिच्याकडेच असते, गिलूपेला. वाक्य तेच राहील."

"नाही हो बाई. नाव बोलणाऱ्याचंच लागतं. नियम आहे."

सैबेरियातून परतलेल्या पुष्कळांना लिथुआनियात राहण्याचा शिक्का मिळत नसे, हे मला माहीत होतं का? होतं. सगळ्यांना होतं. पण समोरच्या बाईच्या मांडीवर डबा होता, पासपोर्ट नव्हता, आणि मी डब्याकडे पाहत होतो. तिनं पेन्सिल घेतली आणि मागच्या बाजूला लिहिलं: वेरोनिका रिम्शिएने, वय त्रेपन्न. अक्षर नवऱ्यासारखंच, मोत्यासारखं. मी चिठ्ठी फुंकून कोरडी केली. पेन्सिलीनं लिहिलेलं फुंकावं लागत नाही, पण मला काहीतरी आदरानं करायचं होतं.

दर गुरुवारी कॉम्रेड बुब्नीस येत. ते वरच्या कचेरीतून येत. वरच्या म्हणजे कुठल्या, हे कुणी विचारत नसे. आमच्या इमारतीला तर वरचा मजलाच नव्हता. सोबत एक सफरचंद आणि एक चाकू असे. आम्ही मजकूर वाचायचा, ते सफरचंद कापायचे. चाकू थांबला की मजकुरात काहीतरी आहे असं समजायचं.

त्या गुरुवारी मी वाचलं, "'लिथुआनियन: लिथुआनियन भाषा बोलणारा.'"

चाकू थांबला. "शिकागोत पळून गेलेले जमीनदार कुठली भाषा बोलतात?"

"हीच."

"मग ते आपले झाले? खोडा. पुढे."

"'लिथुआनियन आईबापांच्या पोटी जन्मलेला.'"

"हे घोड्यांच्या पैदाशीचं पुस्तक आहे का, कॉम्रेड?"

"'लिथुआनियाचा रहिवासी.'"

चाकू थांबला. आम्हीही थांबलो. बुब्नीसांनी खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, सफरचंदाकडे पाहिलं. "यात काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. कुणालाच सांगता येईना.

"मग राहू द्या," ते नाराजीनं म्हणाले.

अशा रीतीनं आमच्या दारावरचा रशियातल्या सारातोवहून आलेला पहारेकरी लिथुआनियन झाला. मी त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बायकोला कळवू नका, ती आधीच इथं रडत असते."

"आता वाक्यं," बुब्नीस म्हणाले. खाण गेली, कारण लिथुआनियन खाली होता. फौज गेली, कारण झारची होती. तुरुंग गेला, कारण तुरुंग होता. नदीपलीकडचा झेमाइट मी वाचलाच नाही.

"'हा लिथुआनियन, वर ठेवा.'" वसंताचा भाग गिरचीसांनी आधीच कापला होता.

चाकू थांबला. "हा कोण?"

गिरचीसांनी पुढे आलेली मान जराही न हलवता उत्तर दिलं. "शाळेतली कवायत, कॉम्रेड. स्नेहसंमेलनात मनोरा करतात ना, एकमेकांच्या अंगावर रचून. शिक्षक सांगतोय, हा लिथुआनियन, वर ठेवा."

"आणि खाली कोण?"

"बंधुराष्ट्रांची मुलं."

"खाली?"

"पाया भक्कम लागतो, कॉम्रेड."

बुब्नीसांनी बराच वेळ चावलं. "मनोऱ्यात सगळे मजेत असतात ना?"

"कुणाची तक्रार आलेली नाही," गिरचीस म्हणाले.

एमिलियाबाई खोली सोडून गेल्या. त्यांना खोकला आला असावा.

"चिठ्ठीवर लाल खूण दिसत नाही," बुब्नीस म्हणाले. "पुढच्या महिन्यापर्यंत खूण आली तर राहील. नाही आली तर मनोरा कोसळला."

ते गेल्यावर गिरचीसांनी मला जवळ बोलावलं. "खूण मी माझ्या हातानं करीन. तू कार्ड पाठवू नकोस."

"पण तपासणी?"

"मी त्या बाईला समोर बसून ऐकलंय. याहून मोठी तपासणी मला माहीत नाही. कळलं? पाठवू नकोस."

मी मान हलवली. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. गिरचीस थकले, असं मी मनाशी म्हटलं. चाळीस वर्षांत ज्यानं एक स्वल्पविराम खोटा टाकला नाही तो माणूस खोटी लाल खूण करणार. आणि कुठल्या वाक्याला? ज्याला सगळ्यात पक्की खूण हवी त्याला. उद्या बुब्नीसांनी तपासणीची वही मागितली तर? वहीत कार्डाची नोंद नाही, खूण मात्र आहे, वाक्य उडालंच समजा. मोतेयुस मास्तर पुन्हा समुद्रात. मला त्या बाईसाठी ते वाक्य वाचवायचं होतं. हे आजही खरं आहे. सांगून कुणाचा फायदा नाही, पण खरं आहे.

तिसऱ्या दिवशी मी छापील कार्ड घेतलं. 'वाक्य' या रकान्यात वाक्य. 'बोलणाराचे नाव' या रकान्यात वेरोनिका रिम्शिएने. 'वास्तव्य': गिलूपे, बहीण आगोटा हिच्याकडे. कार्डं आम्ही एरवी शाळेच्या पत्त्यावर धाडायचो. जुलै होता, शाळा बंद. कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात सूचना होती: 'शिक्षक उपलब्ध नसल्यास ग्रामकचेरीस पाठवावे.' मी ती सूचना वाचली. माझ्याखेरीज ती कधी कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. खाली सुवाच्य सही केली आणि कार्ड पेटीत टाकलं.

कार्डासकट उत्तर अकरा दिवसांत आलं. एवढं लवकर कधीच येत नसे.

'आपल्या कार्डास उत्तर. होय, सदर वाक्य असे बोलले जाते. सदर नागरिक रिम्शिएने हिजकडे वास्तव्याचा शिक्का नसल्याचे चौकशीत आढळले. तिला चोवीस तासांत लिथुआनियाची हद्द सोडण्याची समज देण्यात आली व तिने ती सोडली. आगोटा हिला दंड करण्यात आला. माहितीबद्दल आभार. आपल्या शास्त्रीय कार्यास शुभेच्छा.' खाली गोल शिक्का.

मी ते गिरचीसांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग लाल पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"कर," ते म्हणाले. "खरी आहे ही."

मी खूण केली. ते मला रागावले नाहीत. त्यानंतर सहा वर्षांनी ते वारले. तोवर माझ्याशी ते फक्त शब्दांबद्दल बोलले. एमिलियाबाईंचा चहा त्याच दिवशी बंद झाला. कप तेवढा येत राहिला. रिकामा.

खंड छापून यायला अडीच वर्षं लागली. पहिल्या प्रती आल्या त्याच आठवड्यात मी एक प्रत पिशवीत घालून उत्तरेची बस धरली. ती कुठे आहे हे मी आगोटाकडून काढलं होतं. आगोटानं दार उघडलं नाही, फटीतून पत्ता सांगितला आणि फटीतूनच थुंकली.

गिलूपेपासून आठ किलोमीटरवर लाटव्हियाची हद्द सुरू होते. हद्द म्हणजे एक ओढा. अलीकडे आमचं बीट, पलीकडे त्यांचं बीट. पलीकडच्या सामुदायिक शेतावर शिक्का लवकर मिळत असे, कारण तिथं वासरं फार होती आणि माणसं कमी. दुधाच्या कॅनवर बसलेल्या एका लाटव्हियन बाईला मी वेरोनिका रिम्शिएनेबद्दल विचारलं. तिनं नाव दोनदा घोळवलं.

"कोण? हां, लिथुआनियन! लिथुआनियन तिकडे, वासरांकडे."

ती गोठ्यावरच्या माळ्यावर राहत होती. दुपारची वेळ होती. जिना चढून गेलो तर ती खिडकीशी बटाटे सोलत होती. खिडकीतून सपाट शेतांपलीकडे एक चर्चचा मनोरा दिसत होता, काडीएवढा. मी ओळखला. तो गिलूपेचा होता.

"या," ती म्हणाली. "बूट राहू द्या, इथं शेणच आहे."

मी पुस्तक टेबलावर ठेवलं. तिनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पान मीच उघडून दिलं. तिनं बोट ठेवून वाचलं.

"'लिथुआनियाचा रहिवासी,'" ती म्हणाली. "म्हणजे या अर्थात मी बसत नाही."

तिचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.

"'हा लिथुआनियन, वर ठेवा.' गिलु." गावाच्या त्या अक्षरांवर तिचं बोट थांबलं. "'वसंतात नेऊ' गेलं वाटतं."

"कापावं लागलं."

"बरोबरच आहे. नेलं कुठं?" तिनं पदरासारखा रुमाल ओढून पुस्तकावरचा ओला ठसा टिपला. "पण हे आहेत. वर आहेत."

मी तीन तासांच्या प्रवासात एक भाषण पाठ केलं होतं. त्याची सुरुवात अशी होती, की वेरोनिकाबाई, मला तुम्हाला काही सांगायचंय. मी तेवढं म्हणालो.

"कार्ड ना?" ती म्हणाली. "ग्रामकचेरीत मला दाखवलं त्यांनी. खाली तुमची सही होती. अक्षर छान आहे तुमचं."

खाली वासरू हंबरलं. ती उठून जिन्यापर्यंत गेली, त्याला लाटव्हियन भाषेत काहीतरी दटावलं आणि परत येऊन बसली.

"इथं मला सगळे लिथुआनियनच म्हणतात," ती म्हणाली. "लिथुआनियनला विचार, लिथुआनियनची बादली कुठंय, लिथुआनियन आज आजारी आहे. हे असते तर रोज दहा चिठ्ठ्या भरल्या असत्या." मग एकदम तिनं विचारलं, "पुढं कधी पुस्तक पुन्हा छापतील, जागा कमी पडेल. वाक्यं गाळतात ना?"

"गाळतात."

"हे?"

"याच्यावर लाल खूण आहे. खूण असलेलं गाळता येत नाही."

तिनं मान हलवली. "म्हणजे आता यांना कुणी हलवू शकत नाही."

"नाही."

"मग जा तुम्ही. बस चुकेल."

क्षमेचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. निघताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून जिऱ्याच्या चीजचा एक तुकडा दिला. तो मी बसमध्ये बसून संपूर्ण खाल्ला, आणि रिकाम्या हातानं घरी आलो. त्या वर्षीच मी कोशकचेरी सोडली आणि एका विनोदी मासिकात गेलो. तिथं तपासणी नव्हती.

वेरोनिका एकोणीसशे एक्क्याऐंशीत गेली. लाटव्हियन चर्चच्या आवारात पुरलं. दगडावर नाव आहे, म्हणतात. मी पाहिलेलं नाही. नंतर देश स्वतंत्र झाला, शिक्के गेले, हद्दीच्या ओढ्यावर आता बदकं इकडून तिकडे जातात आणि कुणी त्यांना काही विचारत नाही. बुब्नीस निवृत्त होऊन सफरचंदांची बाग करतात असं ऐकलं होतं. चांगली येतात म्हणे.

मागच्या शरद ऋतूत मला फोन आला. मुलीचा आवाज, चुणचुणीत.

"झिग्मासकाका? मी कोशकचेरीतून बोलतेय, गाबिया. आम्ही सगळा कोश संगणकावर घालतोय, तेव्हा एकेक वाक्य पुन्हा बघतोय. 'लिथुआनियन' या शब्दाला एक वाक्य आहे, त्याचा काही संदर्भच लागत नाही. 'हा लिथुआनियन, वर ठेवा.' जुनं तपासणी-कार्ड सापडलं, त्यावर तुमची सही आहे. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

"विचारा."

"हा म्हणजे कोण?"

"मोतेयुस रिम्शा. गिलूपेचे शिक्षक."

"आणि वर म्हणजे कशावर?"

मी तिला सांगितलं. बाजारातल्या बटाट्यांच्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग, मी शपथेवर सांगतो, पेन्सिलीचा.

"काका, पण मग एक अडचण आहे."

"कसली?"

"वाक्य बोललं गेलं ते समुद्रावर. खाली गाव लिहिलंय गिलूपे. गिलूपेला समुद्र नाही."

"नाही. गाव बोलणाऱ्याचं लिहायचं असतं. जिथं बोलली तिथलं नाही."

"हो, पण तो नियम गावात राहणाऱ्यांसाठी. बाईंचं वास्तव्य तेव्हा गिलूपेला नव्हतं ना? हे तपासावं लागेल." तिच्या आवाजात वाईट काहीच नव्हतं. तिला ते वाक्य अगदी मनापासून वाचवायचं होतं. तो आवाज मला पाठ आहे. "मी गिलूपेला एक पत्र टाकते. चालेल ना?"

"उत्तर आलं नाही तर वाक्याचं काय होतं?"

"तीन महिने वाट बघतो. नाही आलं तर जुनी खूण ग्राह्य धरतो. ती आहेच इथं, लाल. उत्तरावर गोल शिक्कासुद्धा आहे. तुमचं कार्ड आहे म्हणून बरं, काका. नाहीतर हे वाक्य गेलंच असतं."

मी खुर्चीत बसलो.

गिलूपेला मी उन्हाळ्यात जाऊन आलो होतो. चर्चला कुलूप आहे. शाळेत करकोच्यांनी घरटं केलंय. आगोटाच्या घराचं छप्पर आत पडलंय, आणि बाकीचे लोक डब्लिनला, ऑस्लोला, लंडनला गेलेत. तिथं त्यांना काय म्हणत असतील ते मला विचारावं लागत नाही.

"पाठव, बाळ," मी म्हणालो. "सगळे रकाने भर. आता तिथं कुणी राहत नाही, कुणाचं काही बिघडायचं नाही."